एकट्याला वाढत नाहीत

पहिला डबा अकराला आला, दुसरा सव्वाअकराला. तिसरा घेऊन येणारा माणूस चुकून वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या लोकांशी हुज्जत घालून आला, त्यामुळे थंड शेवयांच्या रश्शातला बर्फ पार विरघळून गेला. तेसोकने तरीही तो डबा दोन्ही हातांनी घेतला, जणू देवाचा प्रसादच.

मालरे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. घर तिचं, नवरा तिचा, वर्षश्राद्ध त्याचं, आणि सकाळपासून तिला कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. 'आई, तू बस', 'आई, तुझे गुडघे', 'आई, यंदा काही करायचं नाही हं'. तरी पहाटे पाचला उठून तिने अळकुड्यांचं सार केलं होतं, मोडांची शेपटं खुडून भाजी परतली होती आणि अख्खा मासा शेपूट न मोडता तळून ठेवला होता. सेहेचाळीस वर्षं सासरच्या, प्यो घराण्यातल्या पितरांना तिने जेवू घातलं. आता खुद्द नवरा पितर झाल्यावर हात बांधून बसायचं म्हणजे काय?

"तेसोक, हे काय आणलंयस रे? श्राद्धाला हॉटेलातलं?"

"हॉटेलातलं कसलं, बाबांच्या आवडीचं!" तेसोक म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत नोकरी, थोरला मुलगा. आणि थोरलेपण त्याच्या आवाजातून कधी उतरत नसे. "सरप्राइज आहे. नमस्कार झाले की सांगतो."

"आणि मी केलंय ते?"

"ते राहू दे आत. ताटावर जागा कुठाय?"

मीरान, तिची सून, डबे उघडत होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तिने आत जाऊन अळकुड्यांच्या साराचं एक लहान वाडगं आणलं आणि फोटोच्या अगदी कडेला, मेणबत्तीच्या मागे सरकवून ठेवलं. मालरेने ते पाहिलं. एवढी सून बरी आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचाच तिला राग आला.

श्राद्ध रात्री करायचं असतं, पण सोनोकला पुसानहून येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं, म्हणून रविवारची दुपार ठरली. सोनोक म्हणजे मालरेची मुलगी. नवऱ्याला आणलं नव्हतं, आणि का आणलं नाही हे विचारायची कुणाला हिंमत नव्हती. उद्याचा कार्यक्रम त्याहून मोठा होता. उद्या सकाळी दहाला बाकीच्यांनी अस्थिगृहात जायचं. तिच्या नवऱ्याचा, ब्योंगमानचा, कलश वर्षभर एकेरी कप्प्यात होता, तो जोडकप्प्यात हलवायचा. शेजारची जागा मालरेची. काचेवर दोन्ही नावं आत्ताच कोरायची, तिच्या नावापुढची शेवटची तारीख तेवढी मोकळी सोडायची.

हे तिनेच मागितलं होतं. कप्पा एकेरी आहे हे कळलं त्या दिवशी अस्थिगृहाच्या पायरीवर बसून ती मुलांसमोर रडली होती. "एवढी वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले, त्याच्याशेजारीच ठेवा रे मला. भलत्याच कुणाच्या शेजारी ठेवू नका." आयुष्यात मुलांकडे तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. काचेमागे लावायला कुठला फोटो द्यायचा तेही तिने ठरवून ठेवलं होतं. साठीच्या समारंभातला, जांभळ्या रेशमातला.

ताट मांडून झालं. तेसोकने दारूचा पेला उदबत्तीवरून तीनदा फिरवला, भातात चमचा उभा खोवला, आणि सगळ्यांनी गुडघे टेकून दोनदा नमस्कार केले. मालरेचे गुडघे दुसऱ्या नमस्कारानंतर सरळ होईनात, तेव्हा मीरानने तिला काखेत हात घालून उठवलं. फोटोतला ब्योंगमान नेहमीसारखाच, ओठ मिटून. ह्या भागातले पुरुष घरात दिवसाला तीनच वाक्यं बोलतात अशी थट्टा अख्खा देश करतो. ब्योंगमान त्यातलंही एक वाचवून ठेवायचा.

"आता सांग तुझं सरप्राइज," जेवायला बसल्यावर मालरे म्हणाली.

तेसोकने सोनोककडे बघितलं. सोनोकने मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि एकदम लहान मुलीसारखी खुलली. "आई, बाबा लिहायचे!"

"काय लिहायचे?"

"इंटरनेटवर. नऊ वर्षं! घरी बघितलेले सिनेमे आणि बाहेर खाल्लेलं, दोन्हींवर. त्यांची खाती बंद करायला बसले तेव्हा मागच्या महिन्यात सापडलं. 'एकट्याचं ताट' असं नाव ठेवलंय. पाचशेच्या वर लेख आहेत, आई! चारशे लोक वाचायचे. बाबा गेल्याचं मी तिथे कळवलं तर लोक इतके रडले... हे बघ, हा तिखट रस्सा, त्यांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. ह्या शेवया, साडेचार. डुकराचे हे काप, पाच. सगळं त्यांनी पसंत केलेल्या ठिकाणांहूनच मागवलंय. वर्षश्राद्धाला माणसाच्या खऱ्या आवडीचं वाढावं ना?"

मालरेला आधी हसूच आलं. हा माणूस? हा, ज्याला 'मीठ बरोबर आहे का' विचारलं तर वाटी पुढे करायचा, म्हणजे बरोबर आहे असं आपण समजायचं?

"खोटं बोलतेस."

"वाचते, ऐक." सोनोकने घसा खाकरला. "'बाजाराच्या मागच्या गल्लीतला रस्सा. मालकीण फटकळ, पण कांदा कापण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पहिल्या घोटाला डोक्यात घाम, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला म्हाताऱ्याला वाटतं आपण अजून गिरणीतच आहोत. पुन्हा जाणार.' आई, कसं लिहिलंय बघ ना!"

तेसोक मान हलवत होता, डोळे ओले. मालरेने चमचाभर रस्सा घेतला. चांगला होता. मेला, खरंच चांगला होता. तिने चमचा खाली ठेवला.

"हे कधी खायचे?"

"गुरुवारी. बहुतेक लेख गुरुवारचेच आहेत."

"गुरुवारी डोंगरावर जायचे ते. गिरणीतल्या मित्रांबरोबर."

तेसोकने शेवयांचा डबा पुढे सरकवला.

"मी डबा द्यायचे," मालरे म्हणाली. "भाताच्या गुंडाळ्या. दर गुरुवारी. संध्याकाळी रिकामा यायचा. कोण खायचं तो?"

"खात असतील दुपारनंतर," तेसोक म्हणाला. "भूक लागत असेल चालून चालून."

"वन्सं, सिनेमाचं वाचा ना एखादं," मीरान मध्येच म्हणाली. "ते हसवणारं आहे, कुत्र्याच्या सिनेमाचं."

सोनोकने वाचलं, आणि ते खरोखर हसवणारं होतं. मग तिने दुसरं शोधलं. दीपगृहावरच्या एका बाईचा सिनेमा. नवरा तिला टाकून शहरात जातो, आणि शेवटी तीच त्याच्या मागे जाते. "'घरी, सोफ्यावर, एकट्याने पाहिला. चित्रण सुंदर. पण ती बाई परत का गेली? तिथे तिची कोंबडी होती, बोट होती, शेजारीण होती. तिला काय कमी होतं? दिग्दर्शकाने हा प्रश्न सोडवलेला नाही. तीन तारे.' किती बारीक बघायचे ना बाबा!"

मालरेच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"परत वाच."

सोनोकने वाचलं.

"हे मी म्हटलं होतं," मालरे म्हणाली.

"काय?"

"कोंबडी, बोट, शेजारीण. मी म्हटलं. मी खाली बसून मोडांची शेपटं खुडत होते आणि मी म्हटलं, अहो, ही बया परत कशाला जाते, हिला इथे काय कमी आहे? तर मला म्हणाले, गप बघ."

तेसोक खो खो हसला. "म्हणजे बाबांनी तुझं चोरलं! आई, तू तर मोठी समीक्षक निघालीस!"

मालरेही हसली, कारण सगळे हसत होते. पण आत कुठेतरी खिळा रुतला. चोरलं त्याचं काही नाही. नवऱ्याने बायकोचं काय चोरायचं? पण 'एकट्याने पाहिला'? ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती. पाणी प्यायला जाताना त्याने तीनदा तिला ओलांडलं होतं.

"आणखी सिनेमे आहेत?"

"दोनशे तरी असतील."

"सगळे एकट्यानेच बघितलेत?"

सोनोकचं बोट मोबाइलवर सरकत राहिलं. एकट्याने. एकट्याने. घरी, एकट्याने. "असंच लिहितात गं लोक," ती म्हणाली. "लिहिण्याची तऱ्हा असते ती. ब्लॉगचं नावच एकट्याचं आहे ना, मग तसंच लिहावं लागतं."

"वन्सं, पुरे आता," मीरान म्हणाली. "जेवण निवतंय. आईंनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"वाचू द्या की वहिनी. बाबांच्याच दिवशी बाबांचं ऐकायचं नाही तर कधी ऐकायचं?"

मीरानने सासूच्या वाटीत भाजी वाढली. मालरेने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं की हिला काहीतरी ठाऊक आहे. सून जेव्हा न मागता वाढते तेव्हा तिला काहीतरी झाकायचं असतं. मालरे स्वतः अठ्ठावीस वर्षं सून होती.

"सोनोक," ती म्हणाली, "लेखाखाली ते बारीक अक्षरांत काय असतं?"

"लोकांची उत्तरं असतात. ते काही मी वाचलेलं नाही फारसं."

"ते वाच."

"आई, नको," मीरान म्हणाली.

"का नको?" सोनोकचा आवाज चढला. "वहिनी, तुम्हाला बाबांचं कौतुक बघवत नाही का? शेवटची दोन वर्षं तुम्ही त्यांचं केलंत, मान्य, म्हणून प्रत्येक गोष्टीत तुम्हीच ठरवायचं?"

तेसोकने बायकोकडे डोळे वटारले. मीरानने काड्या खाली ठेवल्या आणि हात मांडीवर घेतले. आता काय होईल ते होवो, असा तिचा चेहरा झाला.

सोनोकने एक लेख उघडला. नदीकाठची कढई: मांस, मश्रूम आणि पालेभाजी टेबलावरच उकळतात ती. सात वर्षांपूर्वीचा लेख. पाच तारे. "इथे खाली कुणी 'जांभळी छत्री' नावाची बाई विचारतेय, 'आजोबा, ती कढई तर कमीत कमी दोघांसाठीच देतात. मी एकटी गेले तर मला परत पाठवलं. तुम्हाला एकट्याला कशी दिली?' आणि बाबांनी उत्तर दिलंय: 'मलाही आधी नाहीच म्हणाले. एकट्याला वाढत नाही, बरोबर कोणी नाही का, असं विचारलं. मग मी सांगितलं की माझी बायको...'"

सोनोक थांबली.

खोलीत डब्याचं झाकण कुठेतरी टक् करून वाजलं. तेसोक म्हणाला, "ह्या शेवया लवकर खायला हव्यात, नाहीतर..."

"वाच," मालरे म्हणाली.

"आई, काही नाही, ते..."

"मीरान. तू वाच. तुला पाठ असेल."

मीरानला मोबाइल लागला नाही. "'मी सांगितलं की माझी बायको वारली,'" ती ताटाकडे बघत म्हणाली. "'मालकिणीला वाईट वाटलं. तिने अर्धी कढई करून दिली आणि वर एक अंडं फोडून घातलं.'"

मालरेला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग तिने टेबलाची कड धरली. सात वर्षं. म्हणजे त्या साली नातीला दहावं लागलं होतं, त्या साली मालरेने दीडशे कोबींची किमची घातली होती, त्याच साली त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ती अकरा रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर झोपली होती. आणि त्या वेळी ती मेलेली होती.

"पुढे काय आहे?" तिने विचारलं.

"लोकांनी दुःख व्यक्त केलंय," मीरान म्हणाली. "साठ-सत्तर जणांनी."

"आणि हे काय म्हणाले त्यांना?"

"आभार मानले."

तेसोक उठून आईजवळ येऊन बसला. त्याला हे माहीत होतं, हे आता त्याच्याकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं. "आई, तू शांतपणे ऐक. एकदा तोंडातून निघून गेलं, मग लोक विचारायला लागले, मग मागे कसं फिरायचं? म्हाताऱ्या माणसाची चूक झाली. पण त्याच्यानंतर त्यांनी तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय माहीत आहे? मीरान, ते सोयाबीनच्या कालवणाचं दाखव. आई, ऐक: 'इथलं कालवण बरं आहे, पण माझ्या दिवंगत बायकोच्या हाताची चव ह्या शहरात कुठे नाही. ती गेल्यापासून मी खरं कालवण खाल्लेलं नाही.' बघितलंस? तोंडावर कधी बोलले नाहीत, पण मनात केवढं होतं त्यांच्या!"

"ते कधीचं आहे?"

"पाच वर्षं झाली असतील."

"त्या दिवशी रात्री घरी काय जेवले?"

तेसोकने मोबाइल मीरानकडे परत दिला.

"मी केलेलं कालवणच जेवले असतील की," मालरे म्हणाली. "मी समोर बसले होते. वाटी पुढे केली असेल, मी वाढलं असेल. तोंड वर करून 'छान झालंय' एवढं म्हणायला काय लागत होतं रे? त्याच्यासाठी मी मरायलाच हवं होतं का?"

सोनोक रडायला लागली, पण तिचं रडणं नेहमी रागाच्या वाटेने येई. "आई, तू पण कधी गेलीस का त्यांच्याबरोबर बाहेर? माझ्या पदवीच्या दिवशी बाबांनी सगळ्यांना हॉटेलात नेतो म्हटलं होतं, तू म्हणालीस, एवढ्या पैशात घरी आठवडा निघेल. सगळ्यांसमोर म्हणालीस. त्यांचं तोंड केवढंसं झालं होतं, मी बघितलंय. त्यानंतर कोण विचारील तुला?"

हे खरं होतं. मालरेला तो दिवस आठवत होता, सोनोकचा काळा झगा, ब्योंगमानने नवीन घेतलेला टाय, सगळं. ती तसं म्हणाली होती.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "एकदा नाही म्हटलं होतं. एकदाच. त्याची शिक्षा फाशी का?"

"आई, तसं नाही..."

"एकट्याला वाढत नाहीत म्हणून त्याने मला मारलं. अगं, मला घेऊन गेला असता तर दोघं झालो असतो की! बसने पाऊण तास. मी इथेच होते, अळकुड्या सोलत बसले होते. अख्खी कढई मिळाली असती, अर्धी नाही. बायकोला बरोबर न्यायचं सुचलं नाही माणसाला, बायकोला मारायचं सुचलं."

तेसोकने फोटोकडे बघितलं, जणू बापाने ऐकलं तर नाही ना. "आई, आज वर्षश्राद्ध आहे. ताटासमोर असं बोलू नये."

"ताट काय माझं आहे? माझं सार त्या मेणबत्तीमागे ठेवलंय."

"तुम्हाला माहीत होतं," सोनोक आता मीरानवर उलटली. "वहिनी, तुम्ही सगळं वाचलं होतंत आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत! मी मूर्खासारखी कौतुकाने वाचत सुटले."

"सांगून काय झालं असतं, वन्सं? ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले उद्याचं पार पडेपर्यंत गप्प बस. आई वर्षभर रडत होत्या. म्हटलं, निदान ते रडणं तरी त्यांना नीट रडू दे."

"म्हणजे आईला फसवायचं तुमचं ठरलं होतं!"

"सोनोक, तू पुसानहून वर्षातून दोनदा येतेस," तेसोक म्हणाला. "इथलं आम्हाला बघावं लागतं."

"बघावं लागतं म्हणे! बघतात त्या वहिनी. तू ऑफिसात असतोस."

आणि अशी अचानक, घटकेपूर्वी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोघी एका बाजूला झाल्या. मीरानला रडू फुटलं. सोनोकने तिच्याकडे कागदी रुमालांचा डबा ढकलला. एरवी हे बघून मालरेला बरं वाटलं असतं.

तेसोकने हळूच विषय काढला. त्याला सकाळपासून तोच एक विषय होता. "आई, उद्या दहाला जायचंय. कोरणारा माणूस येणार आहे. तू रागात आहेस, असणारच. पण जे झालं ते गेलं. माणूस गेला."

"बघते मी."

"बघते म्हणजे?"

"मला आधी त्या लोकांशी बोलायचंय. त्या साठ-सत्तर जणांशी."

तिघेही एकदम बोलायला लागले. बाबांची अब्रू. चारशे लोक. परक्यांना घरातलं कशाला. मालरेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठी दुःख केलंय. माझ्या मयताला आलेले लोक आहेत ते. त्यांना नको का कळवायला, की मी आहे म्हणून?"

"लिहू दे तिला," तेसोक शेवटी वैतागून म्हणाला. "मन मोकळं होऊ दे. पण आई, मग उद्या चलायचं. कबूल?"

ती काही बोलली नाही, आणि त्याने ते कबूल धरलं.

मीरानने मोबाइल घेतला. त्या कढईच्या लेखाखाली, ब्योंगमानच्या उत्तराच्या खाली, ती मालरे सांगेल ते टाइप करत गेली. मालरेला शब्द जुळवायला वेळ लागला नाही. "मी मालरे. ह्यांची बायको. मी मेलेले नाही. ह्यांनी कढई खाल्ली त्या दिवशी मी घरीच होते. तुम्ही सगळ्यांनी दुःख केलंत, तुमचे आभार. पण मी आहे."

"आणखी काही?" मीरानने विचारलं.

"नाही. एवढंच खरं आहे."

ते गेलं. मग सगळे जेवले, कारण श्राद्धाचं अन्न टाकून उठता येत नाही. तेसोकने रश्शाची तारीफ केली, कोणी मान हलवली नाही. शेवयांचा गोळा झाला होता, तो सोनोकने कात्रीने कापून सगळ्यांना वाटला. मीरानने आत जाऊन तळलेला मासा आणला, आणि मालरेने काटे काढून एकेकाच्या वाटीत तुकडा घातला, आधी मुलाच्या, मग मुलीच्या, मग सुनेच्या. हात आपोआप चालत होते. मनात ती उद्याचा विचार करत होती. खरं सांगायचं तर ती विरघळतही होती. दुसरीकडे जाणार तरी कुठे? सेहेचाळीस वर्षांचा माणूस. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं की गिरणी आठवायची त्याला. हे तिला कधी सांगितलं असतं तर तिने रोज तिखट केलं असतं. त्यानेही कदाचित भीतीनेच... कसली भीती, हे तिला सापडेना, पण ती शोधत होती, त्याच्यासाठी.

मोबाइल वाजला.

"उत्तर आलंय," मीरान म्हणाली, आणि वाचून झाल्यावर तिने तो पालथा ठेवला.

"काय म्हणतात?"

"काही नाही, आई."

"मीरान."

मीरानने वाचलं. आवाज अगदी सपाट ठेवून वाचलं. "जांभळी छत्रीने लिहिलंय. 'तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही. आजोबांना जाऊन आज वर्ष झालं. बायकोशिवाय ते किती एकटे होते, हे आम्ही सहा वर्षं वाचलं आहे. ती गेल्यावर त्यांनी एकट्याने जेवायला कसं शिकून घेतलं, ते वाचून मी माझे वाईट दिवस काढले. एका मेलेल्या बाईचं सोंग घेऊन तिच्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला असली थट्टा करताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही? लिहिलेलं काढून टाका. त्या बिचारीला तरी शांतपणे झोपू द्या.'"

मोबाइल पुन्हा वाजला, मग पुन्हा. बाकीचे लोक छत्रीच्या बाजूने उभे राहत होते.

"मी सांगते त्यांना!" सोनोक उसळली. "मी मुलगी आहे म्हणून सांगते, फोटो टाकते तुझा..."

"नको," मालरे म्हणाली.

तेसोकने तिचा हात धरला. त्याचा हात बापासारखाच जड होता. "आई, मनाला लावून घेऊ नकोस गं. परके लोक. त्यांना काय माहीत?"

"त्यांना नव्हतं माहीत," मालरे म्हणाली. "त्याला होतं."

तिने हात सोडवून घेतला. वाटीतला उरलेला मासा तिने स्वतः खाल्ला, काटा बाजूला काढून, सावकाश. 

"उद्या तू एकटा जा, तेसोक. कोरणाऱ्याला सांग, कप्पा जोडच असू दे. त्याच्याशेजारी त्याची ती मेलेली बायको ठेवा, जिच्यासाठी एवढे लोक रडतात. चांगली बाई होती म्हणे." मग ती उठायला लागली, गुडघे सरळ होईनात, मीरान पुढे आली तर तिने मानेनेच नको म्हटलं. टेबलाला धरून ती आपली आपण उभी राहिली. "फक्त माझं नाव तिला देऊ नका."